जावेच्या नावावर एक टिचकी

६ फेब्रुवारी

धाकटे,

थोरलीकडून आशीर्वाद. घ्यायचे नसले तर कात्रीखाली दाबून ठेव, वाऱ्यानं उडून भलत्याच कुणाला लागायला नकोत.

फोनवर तू मला बंद करून टाकलंस, म्हणून हा कागद. शाळा सुटल्यापासून एवढं लांबलचक मी काही लिहिलेलं नाही. तेव्हा अक्षराला हसायचं नाही. हसलीस तर मला इथं बसल्या जागी कळतं.

बातमी अशी की तू मला रोज दिसतेस. घाबरू नको, स्वप्नात नाही, फोनमध्ये. महिन्याभरापूर्वी एक नर्सबाई आल्या चाक मोडलेली बॅग घेऊन. म्हणाल्या, हल्ली फोनला नुसतं ‘बॅग दुरुस्ती’ म्हटलं की जवळपासच्या दुकानांची नावं येतात. मी म्हटलं, बघू तरी आमचं येतं का. त्या फोनशी बोलल्या, आणि सगळ्यात वर कोण? तू! पुलापलीकडचं नवीन दुकान, काचेचं दार, आणि मशीनवर बसलेली तू. तो फोटो कुणी काढला गं? मान अशी ताठ, जसं काही बॅगेचं नाही, माणसाचं ऑपरेशन चाललंय. आपलं जुनं दुकान त्याच्या खाली, थोडं अंतर सोडून. शेवटी बसलीस की नाही माझ्या डोक्यावर?

नर्सबाई म्हणाल्या, जेवढी जास्त माणसं एखाद्या नावावर बोट ठेवतील तेवढं ते नाव वर राहतं. हे ऐकलं आणि मी कामाला लागले. आपल्याकडचं तुला माहीतच आहे. चाकाला सोल्युशन लावलं की ते वाळेपर्यंत गिऱ्हाईक रिकामं बसून भिंतीकडे बघतं. आता नाही बघत. मी म्हणते, काढा फोन. म्हणा ‘बॅग दुरुस्ती’. ते वरचं पहिलं नाव दिसतंय? ती माझी धाकटी जाऊ. ठेवा बोट. बोट ठेवल्याशिवाय बॅग मिळणार नाही. लोक हसतात आणि ठेवतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत जेवढ्या बॅगा, तेवढ्या टिचक्या. सुटकेसवाले, दप्तरवाले, एक तर सनईच्या पेटीची चेन बसवायला आलेला म्हातारा, त्याच्या नातीला फोन करून तिलासुद्धा ठेवायला लावलं.

म्हणजे तू तिकडे तोंड फुगवून बसलीस तरी इकडे मी तुला वर धरून ठेवलंय. हात दुखतात माझे. ह्यांच्या माघारी दुसरं काम तरी काय आहे मला?

तुझ्या मशीनवरचं कापड मी काढलेलं नाही. वेळ होत नाही.

आणि त्या दिवशीचं एवढं काय मनावर घ्यायचं? गिऱ्हाईक हसलं म्हणून मीही हसले. तेवढ्यासाठी कुणी पूल ओलांडून जातं का?

भाऊजींना सांग, बारीक झालेत म्हणे. तुझा स्वयंपाक सुधारला नाही वाटतं.

थोरली


२१ फेब्रुवारी

धाकटे,

उत्तर नाही. ठीक आहे. मीही शाळेत उत्तरं कुठं दिली होती.

एक विचारायचं राहिलं. तू दुपारी झोपायला लागलीस की काय? सकाळी तू सगळ्यात वर असतेस, मान ताठ. दुपार झाली की गायब. कितीही वेळा फोनला ओरडून सांगितलं तरी तुझं नाव येत नाही. तिथं दुसराच कुणी टक्कल पडलेला बॅगवाला येऊन बसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तू. दुकान दुपारी बंद ठेवत असशील तर ठेवू नको. संध्याकाळच्या गाड्या पकडणारी माणसं दुपारीच येतात. हे मी सांगायला हवं का तुला?

पण काळजी करू नको. मी आता सकाळचा जोर वाढवलाय. शटर उघडल्या उघडल्या येईल त्याला बोट ठेवायला लावते. नर्सबाईंनी त्यांच्या इस्पितळात सांगितलंय, तिथल्या पोरी ड्युटीवर जाता जाता ठेवतात. चहावाल्याकडे येणारेही ठेवतात. अख्खा रस्ता तुझ्या मागे उभा केलाय मी. तुझ्या लग्नालासुद्धा एवढी माणसं नव्हती.

थोरली


४ मार्च

धाकटे,

काल भाऊजी येऊन गेले. तुला माहीत असेल, नसेल. माहीत नसलं तर आता झालं.

दारात गिऱ्हाइकासारखे उभे राहिले. आत या म्हणायला लागलं मला. तुझ्याशी लग्न होण्याआधी ज्या दुकानात बाकाखाली झोपायचे, त्या दुकानात. मी चहा मागवला. त्यांनी खिशातून माझी दोन्ही पत्रं काढली आणि बाकावर ठेवली.

म्हणाले, “वहिनी, हे खरं की चेष्टा?”

मी म्हटलं, तुम्हाला काय वाटतं? सवय गं. दुसरं काही तोंडात येतच नाही. ते हसले नाहीत.

मग त्यांनी समजावून सांगितलं. शांतपणे, एखाद्या पोराला सांगावं तसं. वरची जागा विकतची. नावाशेजारी बारीक अक्षरात ‘जाहिरात’ लिहिलेलं असतं, ते मला चष्म्यातूनही कधी दिसलं नव्हतं. त्या नावावर कुणी बोट ठेवलं की तुमचे पैसे कापले जातात. गिऱ्हाईक येवो, न येवो. दिवसाला एवढेच, असं तुम्ही ठरवून दिलेलं, आणि तेवढे संपले की नाव उतरवतात ते दुसऱ्या दिवसापर्यंत. म्हणजे तू दुपारी झोपत नव्हतीस. सकाळीच तुझे पैसे आम्ही सगळ्यांनी मिळून संपवत होतो.

आणि खालची नावं विकतची नसतात. त्यांच्यावर बोट ठेवलं तर कुणाचं काही जात नाही. दुकान किती दिवसांचं आहे, पत्ता आणि वेळ खरी आहे का, येऊन गेलेल्या लोकांनी काय लिहिलंय, किती जण बोट ठेवतात, असं बघून ती आपली आपण वर येतात. नर्सबाईंनी सांगितलं ते त्या खालच्यांचं होतं. मी तेच उचलून वरच्याला लावलं.

मी विचारलं, मग तुम्ही तक्रार का नाही केली? म्हणाले, एकाच फोनवरून कुणी सारखं सारखं दाबलं तर कंपनी ते ओळखते, पैसे धरत नाही. हे तर रोज नवी माणसं, नवे फोन. खऱ्या गिऱ्हाइकासारखे. म्हणजे मी एकटीनं बसून दिवसभर दाबलं असतं तर तुम्ही वाचला असता. मी माणसं गोळा केली, तिथं घात झाला.

पुढचं त्यांनी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. म्हणाले, आकडा वाढायला लागला तेव्हा तू खूश झाली होतीस. रोज सकाळी फोन बघून म्हणायचीस, लोक बघायला लागलेत, आता येतीलच. म्हणून दिवसाचे पैसे वाढवलेस. म्हणून शाळेच्या दप्तरांचं ठरलेलं काम सोडलंस, गिऱ्हाईक आलं तर हात मोकळे हवेत म्हणून. आणि दारात उभी राहायचीस.

माझं पहिलं पत्र तू उघडलंच नव्हतंस. दुसरं आलं तेव्हा दोन्ही एकदम उघडलीस. मग काय म्हणालीस, तेही त्यांनी सांगितलं. “जाऊबाईंनी आधी मला खड्ड्यात ढकललं, आणि आता वरून विचारतायत, खोल आहे का.”

बोलतेस छान. माझ्याकडूनच शिकलीस.

भाऊजी म्हणाले, “वहिनींनी मुद्दाम केलं नसणार, असं मी तिला सांगितलं. पण सांगताना माझीच खात्री नव्हती, वहिनी.” ज्या माणसाला मी भाकरी वाढली, त्यानं हे माझ्या तोंडावर म्हटलं. आणि रागानं नाही म्हटलं. महिनाअखेर दुकान सोडणार, तेही सांगितलं.

तेव्हा मला सांगायचं होतं, की मी तुला बघायला म्हणून रोज फोन उघडत होते. फोटोतली का होईना. बाकीचं सगळं त्याच्यानंतर आलं. हे सांगायचं होतं, आणि तोंडातून काय निघालं? “मग आता दुपारची झोपायला मोकळी झाली की ती.”

भाऊजींनी कप खाली ठेवला. अर्धा भरलेला. पत्रं उचलून खिशात घातली आणि गेले.

थोरली


१३ मार्च

धाकटे,

टिचक्या बंद केल्या. इस्पितळात निरोप दिला, चहावाल्याला दिला. सनईवाल्या म्हाताऱ्याच्या नातीलासुद्धा. ती म्हणाली, आजी, मी तर रोज ठेवत होते. आता नको ठेवू म्हटलं.

नर्सबाई आल्या होत्या. त्यांना म्हटलं, बाई, तुमच्या औषधानं पेशंट गेला. त्या बिचाऱ्या रडवेल्या झाल्या. मग बसल्या माझ्याजवळ आणि म्हणाल्या, निदान तुमचं दुकान फुकट कसं वर येतं ते तरी दाखवते. आणि आपल्या नावाखाली लोकांनी लिहिलेलं सगळं उघडलं. मराठीतलं मी वाचलं, बाकीचं त्यांनी वाचलं.

मी ते कधी वाचलं नव्हतं. तू वाचून दाखवायचीस तेव्हा मी चेन लावत असायचे.

‘अस्तर असं शिवलंय की फाटलं कुठं होतं ते सापडत नाही. धाकट्या बाईंचे आभार.’ ‘मशीनवरच्या बाई जेवण सोडून उठल्या आणि माझी बॅग करून दिली, विमान मिळालं.’ ‘त्या बाईंच्या हाताला जादू आहे.’ मशीनवरच्या बाई, धाकट्या बाई, त्या बाई. खाली खाली जात राहिलो तरी तूच. माझं नाव एवढंच, की मालकीणबाई गप्पिष्ट आहेत, वेळ बरा जातो.

म्हणजे आपलं दुकान पैसे न देता वर उभं आहे ते तुझ्या शिवणीवर. आणि तू पलीकडे बसून, तुझ्याच हातच्या कामाच्या वर दिसायला, पैसे भरत होतीस. ते मी संपवत होते.

त्या दिवशी तू यातलंच एक वाचत होतीस. चार गिऱ्हाइकं होती. मी म्हटलं, “हार आणा कुणीतरी, हिच्या गळ्यात घाला, मी बाजूला उभी राहून पंखा हलवते.” तू फोन पालथा ठेवलास. मी पहिल्या पत्रात तुला लिहिलं, गिऱ्हाईक हसलं म्हणून मी हसले. तसं नव्हतं. आधी मी हसले. ती माणसं मला बघून हसली.

अजून संपलं नाही. नर्सबाई म्हणाल्या, लोकांना उत्तरं मात्र तुम्ही छान देता. मी म्हटलं, कुठली उत्तरं? प्रत्येकाच्या लिहिण्याखाली ‘मालकाचं उत्तर’ म्हणून काही ना काही आहे. मला वाटायचं ते फोन आपला आपण देतो, वेळ सांगतो तसं. एकानं लिहिलंय, मालकीण फार बोलतात. त्याखाली उत्तर, ‘बोलण्याचे पैसे घेत नाही, फक्त चेनचे घेतो.’ एकानं लिहिलंय, दांडा आठ दिवसांत निखळला. उत्तर, ‘घेऊन या, फुकट बसवून देऊ.’ आता मला कळलं तो माणूस माझ्याशी का भांडत होता. तुम्हीच लिहिलंय म्हणत होता. मी म्हटलं, मी कशाला लिहू असला तोट्याचा धंदा? तरी दिला बसवून, दारात ओरडायला लागला म्हणून.

ते उत्तर गेल्या महिन्यातलं आहे, धाकटे. तू जाऊन वर्ष होत आलं.

नर्सबाईंनी सांगितलं, ज्यानं दुकान फोनवर चढवलं त्याच्याकडेच त्याच्या चाव्या असतात. म्हणजे तू कुठल्याही दिवशी माझा नंबर काढून तुझा घालू शकत होतीस. सगळे फोन तुझ्याकडे वाजले असते, एक पैसा न भरता. नाहीतर ‘कायमचं बंद’ लिहून टाकायचं. कुणी विचारलं नसतं, मला तर कळलंही नसतं. त्याऐवजी तू माझ्या दुकानाची तक्रार निवारत बसलीस. मला ताप आला होता त्या आठवड्यात वेळेच्या जागी ‘बंद’ लिहिलेलं होतं, तेही तूच. भाऊजींनी शटर बघून सांगितलं असणार.

आता एक मागते. माझा नंबर काढ, तुझा घाल. दुकान सोडू नको. लोक तुला शोधत येतात, त्यांना तू मिळायला हवीस. ही चेष्टा नाही.

लिहून वाचलं. ‘ही चेष्टा नाही’ हेसुद्धा माझ्या अक्षरात चेष्टेसारखंच दिसतंय. काय करू सांग.

थोरली


१९ एप्रिल

धाकटे,

तू नंबर बदलला नाहीस. फोन अजून इथंच वाजतो.

पूल ओलांडून मी तुझ्या दुकानाशी जाऊन आले. काचेच्या दारावर आतून कागद लावलेत. फटीतून बघितलं तर आत कुणी रंग देत होतं. फोटोत दिसायचं त्यापेक्षा लहान आहे गं ते दुकान. शेजारच्या काचवाल्यानं सांगितलं, त्या बाई आता बॅगांच्या कारखान्यात जातात, शिवणखात्यात. चांगल्या होत्या म्हणाला. मी कोण, ते मी त्याला सांगितलं नाही.

परत आले आणि नर्सबाईंकडून एक गोष्ट शिकून घेतली. गिऱ्हाइकासारखं आपणही आपल्या दुकानाखाली लिहू शकतो. बोलून नाही लिहिलं, एकेक अक्षर बोटानं दाबलं. गिऱ्हाइकाची बॅग तशीच पडून राहिली. मी लिहिलं:

‘या दुकानाचं नाव ज्या शिवणीमुळे झालं ती शिवण माझ्या धाकट्या जावेची आहे. ती आता इथं नाही. ती माझ्यामुळे गेली. तिचं नवीन दुकानही माझ्यामुळे बंद झालं. मी चेन आणि चाकं बसवते. अस्तर तिच्यासारखं मला येत नाही. इथं यायचं असेल तर हे माहीत असून या. थोरली जाऊ.’

चांदण्या किती द्यायच्या विचारत होतं. कामाला पाच दिल्या. मालकिणीला वेगळ्या द्यायची सोय नाही.

मग रोज बघत होते. सकाळी शटर उघडायच्या आधी, दुपारी, सोल्युशन वाळताना. दोन आठवडे काही नाही. गिऱ्हाइकं मात्र वाचून येतात. एक बाई म्हणाली, खरं का हो हे? मी हो म्हटलं. तिनं बॅग दिली आणि गेली. अस्तराचं काम होतं, न्यायला आली तेव्हा बॅग तशीच परत दिली.

परवा खाली उत्तर आलं. ‘मालकाचं उत्तर.’

‘या बाई फार चेष्टेखोर आहेत. ग्राहकांनी त्यांच्या लिहिण्यावर विश्वास ठेवू नये.’

आधी मी हसले. मोठ्यानं, दुकानात एकटीच. मग परत वाचलं आणि वाटलं, हे तू रागानं लिहिलंयस. जगासमोर मला खोटं पाडलंस, माझं एवढं अक्षर अक्षर दाबून लिहिलेलं. मग वाटलं, नाही. ओठ दाबून लिहिलंयस, भाऊजींना दाखवलंस आणि मग पाठवलंस. मग वाटलं, तू माझी अब्रू झाकलीस, गिऱ्हाइकं तुटू नयेत म्हणून, तापाच्या आठवड्यात झाकलीस तशी. नर्सबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तुमची जाऊ, तुम्हाला ठाऊक. भाऊजींना विचारायला फोन लावला आणि वाजायच्या आत कापला.

हे खरं की चेष्टा, मला कळत नाही, धाकटे. कितीही वाचलं तरी कळत नाही. लग्न होऊन या घरात आलीस तेव्हापासून तुझं रोज हेच होत असणार. मी काही म्हणायची, सगळे हसायचे, आणि तू बाजूला हातात सुई धरून हेच ठरवत बसलेली असायचीस.

उत्तराची घाई करू नको. मला जरा असंच राहू दे.

थोरली